जबड्याचं हाड झिजलंय, तर इम्प्लांट कसं बसवायचं? मिलिमीटरच्या हिशोबासकट

निरगुडी :

'हाड कमी आहे, इम्प्लांट (दाताच्या मुळाऐवजी हाडात बसवायचा धातूचा स्क्रू) होणार नाही' एवढं ऐकून पुष्कळ लोक कवळीवर समाधान मानतात. 'हाड कमी आहे, पण करून टाकू' एवढ्यावर विसंबून काही जण खुर्चीत बसतात. दोन्हीकडे खरा प्रश्न विचारायचाच राहतो : कुठे कमी, कोणत्या दिशेनं कमी आणि किती मिलिमीटर कमी? त्यासाठी हा धागा.

आधी हाड का जातं ते. मुळाला लागून असलेला हाडाचा पातळ थर दातासाठीच असतो. दात गेला की शरीर तो शोषून घेतं. पुढच्या दातांत ओठाकडची भिंत बहुधा एक मिलिमीटरहूनही पातळ असते, म्हणून तीच आधी ढासळते. दात काढल्यावर पहिल्या वर्षात हाडाच्या कडेची रुंदी साधारण निम्म्यानं घटते, आणि त्यातली दोन-तृतीयांश घट पहिल्या ३ महिन्यांतच होऊन जाते. त्यामुळे 'जखम भरू दे, पुढच्या वर्षी बघू' हा सल्ला महागात पडतो. दात काढतानाच खळग्यात ग्राफ्टचे (हाडाची भर म्हणून घालायचे) कण भरून वर मेम्ब्रेन, म्हणजे पातळ पडदा, ठेवला, तर झीज पूर्ण थांबत नाही, पण बरीच कमी होते. पुढची मोठी शस्त्रक्रिया टाळण्याची ती सर्वात सोपी संधी असते.

आता किमान हिशोब. ४ मिमी व्यासाच्या इम्प्लांटला गालाच्या बाजूला २ मिमी आणि जिभेच्या बाजूला निदान १ मिमी हाड हवं, म्हणजे रुंदी ७ मिमी. शेजारच्या दाताच्या मुळापासून १.५ मिमी अंतर, दोन इम्प्लांटमध्ये ३ मिमी, खालच्या जबड्यातल्या नसेपासून २ मिमी. यातला एखादा आकडा बसत नसेल, तर तो कसा बसवायचा यावरच सगळं पुढचं ठरतं.

वरच्या दाढांच्या जागी ४-५ मिमीच उंची उरली असेल तर काय? खाली नस जवळ आली असेल तर? एकही दात नसलेल्या जबड्यात काय? जाणकारांनी एकेका भागाबद्दल सविस्तर लिहावं.

कोनाडा :

सुरुवात स्कॅनपासून करू, कारण निम्मे घोळ तिथेच होतात.

ओपीजी म्हणजे पूर्ण जबड्याच्या एक्स-रेचं सपाट चित्र. त्यात हाडाची रुंदी दिसतच नाही, आणि उंची प्रत्यक्षापेक्षा २०-२५ टक्के मोठी दिसू शकते. ओपीजीवर १२ मिमी मोजलेलं हाड खरं १० मिमीही नसेल. हाड कमी असल्याचा संशय असेल तिथे सीबीसीटी, म्हणजे जबड्याचा त्रिमितीय स्कॅन, हवाच, आणि तोही नुसता नाही. आधी तिथे दात कुठे यायला हवा ते ठरवून त्याचा प्लास्टिकचा साचा करतात, त्यात क्ष-किरणांत दिसणारी खूण घालतात, आणि तो साचा तोंडात ठेवून स्कॅन काढतात. एरवी होतं काय, की भरपूर हाड सापडतं, पण दात यायला हवा त्याच्या ४ मिमी आत. इम्प्लांट तिथे बसतं आणि कॅप जिभेकडे तिरकी येते.

आडवे छेद बघताना रुंदी फक्त हाडाच्या वरच्या कडेला मोजू नका, ३ मिमी आणि ६ मिमी खालीही मोजा. टोक सुरीसारखं निमुळतं पण खाली रुंद, अशा हाडात कधीकधी वरचे २-३ मिमी सपाट करून काम भागतं. खालच्या जबड्यात मागे जिभेच्या बाजूला खोलगट खड्डा असतो. ओपीजीत तो दिसत नाही. ड्रिल तिथून बाहेर गेलं आणि जिभेखालची रक्तवाहिनी फाटली, तर तोंडाचा तळ सुजून श्वास अडकू शकतो. या कामात जिवावर बेतणारी जी मोजकी संकटं आहेत, त्यांतलं हे एक.

आणखी एक बारकावा. बऱ्याच ड्रिलचं टोक लिहिलेल्या लांबीपेक्षा जास्त असतं, काही बनावटींत एक मिलिमीटरहूनही जास्त. १० मिमीची खूण बघून थांबलं तरी टोक ११ मिमीवर गेलेलं असतं. नसेपासून २ मिमी अंतर सोडायचं ते या टोकासकट.

पानगळ :

उंची पुरेशी आहे पण रुंदी ४ मिमीच, असं बऱ्याचदा दिसतं. तिथे पर्याय कोणते? आणि 'ग्राफ्ट टाकला पण टिकला नाही' असं का होतं?

ध्रुव_०७ :

रुंदी कमी असेल तर तीन मुख्य वाटा आहेत.

पहिली, हाड फोडून रुंद करणं. दोन कडक भिंतींमध्ये मऊ हाड असेल आणि एकूण रुंदी निदान ३-४ मिमी असेल तरच. मधोमध पातळ चीर देऊन भिंती हळूहळू दूर करतात. वरच्या जबड्याचं हाड लवचिक, तिथे हे चांगलं जमतं. खालच्या जबड्यात गालाकडची भिंत मोडून हातात येण्याची भीती असते, म्हणून तिथे ते बऱ्याचदा दोन टप्प्यांत करतात. यानं उंची वाढत नाही, हे पक्कं लक्षात ठेवावं.

दुसरी, कण आणि मेम्ब्रेन. सर्वात जास्त वापरली जाते ती हीच. हिरडी उघडून हाडाला बारीक बरनं (ड्रिलला लावायच्या टोकानं) भोकं पाडतात, म्हणजे आतल्या मज्जेतून रक्त येतं. त्यावर कण रचतात. निम्मं पेशंटचंच खरवडलेलं हाड आणि निम्मे गाईच्या हाडापासून प्रक्रिया करून केलेले कण, असं मिश्रण रुंदीच्या कामात बरेच जण पसंत करतात. स्वतःच्या हाडात जिवंत पेशी असतात, पण ते लवकर शोषलं जातं. प्रक्रिया केलेले कण सावकाश विरघळतात आणि जागा धरून ठेवतात. वर कोलाजेनचं मेम्ब्रेन, ग्राफ्टच्या कडेपलीकडे २-३ मिमी जाईल इतकं, आणि ते छोट्या पिनांनी ताणून बसवलेलं. ६ ते ९ महिने थांबायचं. नीट झालं तर ३ ते ५ मिमी रुंदी वाढते.

तिसरी, हाडाचा ठोकळा. खालच्या जबड्याच्या मागच्या कोनापाशी किंवा हनुवटीतून पातळ ठोकळा काढून जागेवर स्क्रूनं घट्ट करतात. स्क्रू दोन हवेत, कारण एकाच स्क्रूभोवती ठोकळा फिरतो आणि हललेला ठोकळा जगत नाही. ४ ते ६ महिन्यांत इम्प्लांट घालायचं. उगाच लांबवलं तर ठोकळाच झिजायला लागतो. हनुवटीतून काढल्यास खालचे पुढचे दात बराच काळ बधिर राहू शकतात. त्यामुळे जबड्याचा मागचा कोन बरा.

ग्राफ्ट का टिकत नाही? बहुतेक वेळा दोष कणांचा नसतो, हिरडीचा असतो. आत माल वाढला आणि वरची हिरडी तेवढीच राहिली, तर टाके ताणले जातात, दहा-पंधरा दिवसांत जखम उघडते, मेम्ब्रेन दिसू लागतं आणि जंतू आत शिरतात. म्हणून हिरडीच्या आतल्या बाजूच्या पातळ आवरणाला चीर देऊन तिला सैल करायचं, इतकं की ती समोरच्या कडेवर सहज ५ मिमी चढेल. मगच टाके. माझ्या मते अर्धं यश या एका पायरीत आहे.

दुसरं कारण हालचाल. वरून कवळी दाबत असेल तर कण सरकतात आणि हाडाऐवजी मऊ चोथा तयार होतो.

सायलीवेल :

ध्रुव यांना अनुमोदन. रक्तातून काढलेल्या फायब्रिनबद्दल थोडं, कारण त्याची जाहिरात जोरात चालते. पेशंटचंच रक्त फिरवून काढलेली ती जेलीसारखी चकती हिरडी लवकर भरायला मदत करते आणि कण एकत्र धरून ठेवते. पण ती आठवड्या-दोन आठवड्यांत विरघळते, तिला स्वतःचा कणखरपणा नाही. ४ मिमी रुंदीची उणीव ती एकटी भरून काढत नाही. कणांच्या जोडीला घ्या, कणांच्या ऐवजी नको.

आडवाट :

वरच्या दाढांबद्दल मी लिहितो.

तिथे हाड दोन्हीकडून जातं. खालून कडा झिजते आणि वरून सायनसची, म्हणजे नाकाशेजारची हवेची, पोकळी खाली उतरते. म्हणून हिरडी भरलेली दिसली तरी आत ३ मिमीच उरलेले असू शकतात.

उरलेली उंची ६ ते ८ मिमी असेल, तर इम्प्लांटच्या भोकातूनच सायनसचं अस्तर वर ढकलतात. या वाटेनं भरवशानं मिळतात ३-४ मिमी. आत दिसत नसल्यामुळे अस्तर फाटलं तरी कळत नाही, हा तोटा.

उंची ५ मिमीहून कमी असेल तर गालाच्या बाजूनं खिडकी. पिझो यंत्रानं (कंपनांनी हाड कापणाऱ्या) किंवा हिऱ्याच्या बरनं हाड पातळ करत नेतात, निळसर अस्तर दिसू लागलं की थांबतात, आणि ते तळापासून आतल्या भिंतीपर्यंत उचलतात. आतल्या भिंतीपर्यंत पोचणं महत्त्वाचं, कारण ग्राफ्टला रक्त तिकडूनही मिळतं. अर्धवट उचलून गालाकडेच माल भरला, तर स्कॅनमध्ये छान दिसतं, पण इम्प्लांटच्या आतल्या बाजूला हाड येत नाही. एक-दोन इम्प्लांटपुरत्या जागेत साधारण १ ते २ घनसेंटिमीटर कण लागतात. ते ठासून भरायचे नाहीत, कणांमध्ये रक्ताला जागा राहिली पाहिजे.

४-५ मिमी हाड पकड द्यायला पुरेसं घट्ट असेल, तर इम्प्लांट त्याच दिवशी. त्याहून कमी असेल तर आधी ग्राफ्ट, ६ ते ९ महिने थांबणं, मग इम्प्लांट. ३ मिमीत एकाच बैठकीत सगळं उरकू पाहिलं तर इम्प्लांट डुगडुगतं, क्वचित सायनसमध्येही जातं.

सर्वात जास्त घडणारी चूक म्हणजे अस्तर फाटणं. सायनसमध्ये हाडाचे उभे पडदे असतील तिथे हटकून. ५ मिमीपेक्षा छोटं भोक कोलाजेननं झाकून पुढे जाता येतं. १० मिमीहून मोठं असेल तर बंद करून काही महिन्यांनी परत येणं हेच शहाणपण. मोठ्या भोकातून कण निसटले की नाकात घाण वास, गालात जडपणा, पू, असं सगळं मागे लागतं.

म्हणून आधी स्कॅनमध्ये सायनसचा नाकात उघडणारा मार्ग मोकळा आहे का ते बघायचं. अस्तर जाड झालेलं असेल किंवा सारखी सर्दी असेल तर आधी नाक-कान-घसा तज्ज्ञांकडे. नंतर २ ते ४ आठवडे नाक जोरात शिंकरायचं नाही, शिंक तोंड उघडून द्यायची, स्ट्रॉनं प्यायचं नाही, विमानप्रवास डॉक्टरांना विचारूनच.

निरगुडी :

आडवाट, उत्तम लिहिलंत. पण ६ मिमी उंची आणि ८ मिमी रुंदी असेल, तर सायनसला हातच का लावायचा? ६ मिमीचं आखूड इम्प्लांट ५ वर्षांच्या तुलनांत ग्राफ्ट करून घातलेल्या लांब इम्प्लांटच्या जवळपास उतरतं. शस्त्रक्रिया एकच, गुंतागुंत कमी, सहा महिने वाचतात. वय जास्त असलेल्या किंवा इतर आजार असलेल्या पेशंटला तर मी आधी हाच पर्याय सुचवेन.

आडवाट :

मान्य, पण अटींसह. रुंदी भरपूर हवी, व्यास ४ मिमी किंवा जास्त घ्यायचा, शेजारी दुसरं इम्प्लांट असेल तर दोन्ही कॅप जोडायच्या, आणि कॅपचा भाग हवेत लटकता ठेवायचा नाही. रात्री दात खाणाऱ्याला मी आखूड इम्प्लांट घालणार नाही. शिवाय १२ मिमीच्या इम्प्लांटभोवती २ मिमी हाड गेलं तर १० उरतं, ६ मिमीच्या इम्प्लांटचे २ मिमी गेले की तिसरा हिस्सा गेला. हिरड्यांचा आजार पूर्वी झालेल्या माणसात हा फरक मोठा आहे.

निरगुडी :

हो, हिरड्यांच्या आजाराचा मुद्दा बरोबर. तिथे मीही दोनदा विचार करीन.

सायलीवेल :

खालच्या दाढांकडे वळू. तिथे सायनससारखी पोकळी नाही, खाली नस आहे. नसेवर ७ मिमी हाड असेल तर २ मिमी सोडून ५ उरतात. उंची वाढवायची म्हणजे टायटॅनियमच्या पट्ट्या असलेलं कडक मेम्ब्रेन किंवा टायटॅनियमची जाळी लावून ९ महिने थांबणं. इम्प्लांटशी संबंधित सगळ्या ग्राफ्टांत उभी वाढ सर्वात अवघड. जाळी उघडी पडण्याचं प्रमाण जास्त आणि हात फार सरावलेला लागतो. मी स्वतः आधी हे विचारीन : ती शेवटची दाढ खरंच हवी आहे का? पुढच्या दोन उपदाढांपर्यंत चावायला मिळालं तरी बहुतेकांचं नीट भागतं.

नस दुखावली तर वेळ फार मोलाचा. भूल उतरायच्या वेळेनंतरही ओठ-हनुवटी बधिर असेल, तर दुसऱ्या दिवसाची वाट न बघता डॉक्टरांना कळवा. लगेच स्कॅन करून, इम्प्लांट नसेवर टेकलेलं असेल तर साधारण २४ ते ३६ तासांच्या आत काढावं. 'येईल हळूहळू जाणीव' म्हणत महिना घालवला तर बधिरपणा कायमचा राहू शकतो.

आता एकही दात नसलेला खालचा जबडा. दंतसंशोधक टालग्रेन यांच्या १९७२ च्या अभ्यासात कवळी वापरणाऱ्यांत पुढच्या भागाची झीज खालच्या जबड्यात वरच्यापेक्षा सुमारे चौपट आढळली. तरीही दोन्ही बाजूंच्या नसा जिथे हाडातून बाहेर पडतात, त्या दोन छिद्रांच्या मधला भाग बऱ्याच जणांत १० मिमी तरी टिकलेला असतो. तिथे दोन इम्प्लांट आणि त्यांवर टिचबटणासारखी अडकणारी कवळी. कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात तज्ज्ञांनी केलेल्या २००२ च्या एकमताच्या निवेदनात दातच नसलेल्या खालच्या जबड्यासाठी पहिला पर्याय म्हणून हीच शिफारस झाली. ग्राफ्ट नाही, खर्चिक ब्रिज (इम्प्लांटवर पक्का बसवलेला दातांचा संच) नाही, साफ करायला सोपी. बटणातल्या नायलॉनच्या चकत्या झिजतात, त्या बदलाव्या लागतात, एवढंच. लोक हा पर्याय कमी लेखतात, त्याचं वाईट वाटतं.

कोनाडा :

वरचा जबडा पूर्ण रिकामा असेल तर चार इम्प्लांटांची पद्धत. पुढची दोन सरळ, मागची दोन ३० ते ४५ अंशांत तिरकी, म्हणजे सायनसच्या पुढून निसटतात आणि लांबी मिळते. त्याच दिवशी कच्चा ब्रिज लावायचा असेल तर प्रत्येक इम्प्लांट निदान ३५ न्यूटन-सेंटिमीटरला (स्क्रू आवळण्याच्या जोराचं माप) घट्ट बसलं पाहिजे. नाही बसलं तर हाड चिकटेपर्यंत कवळीवर काढायचं. आग्रह धरून लावलेला ब्रिज हे अपयशाचं नेहमीचं कारण. पुढे २-३ महिने मऊ खाणं, कारण पहिली यांत्रिक पकड २ ते ४ आठवड्यांच्या सुमारास ढिली पडते आणि नवं हाड अजून चिकटलेलं नसतं.

पुढेही हाड नसेल तर गालफडाच्या हाडात जाणारी ३० ते ५० मिमी लांब इम्प्लांटं. ती सायनसमधून किंवा त्याच्या भिंतीलगत जातात, डोळ्याची खोबण जवळ असते. हे काम जबड्याच्या शल्यविशारदाचंच.

वरचा जबडा झिजताना आत आणि वर सरकतो, हेही ध्यानात ठेवा. म्हणून नुसते दात लावले तर ते लांबलचक दिसतात आणि ओठ आत बसतो. गुलाबी हिरडीचा भाग ब्रिजमध्येच घ्यावा लागतो.

पानगळ :

औषधं आणि आजारांबद्दल कुणी लिहील का? ऑस्टिओपोरोसिसच्या गोळ्या घेणाऱ्यांचा प्रश्न वारंवार येतो.

ध्रुव_०७ :

हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून दिलेली बिसफॉस्फोनेट औषधं हाडाची नित्याची मोडतोड-बांधणी मंदावतात. कर्करोगासाठी शिरेतून झोलेड्रोनिक अ‍ॅसिड (त्यांतलंच एक) चालू असेल तर इम्प्लांट टाळावं, जबड्याचं हाड कुजण्याचा धोका खरा आहे. ऑस्टिओपोरोसिससाठी तोंडानं गोळ्या असतील तर धोका बराच कमी, पण ४ वर्षांहून जास्त काळ किंवा सोबत स्टेरॉइड असेल तर औषध देणाऱ्या डॉक्टरांशी बोलल्याशिवाय काही करू नये. डेनोसुमॅब या ऑस्टिओपोरोसिसच्याच दुसऱ्या औषधाचं इंजेक्शन सहा महिन्यांनी असतं. दाताच्या कामासाठी ते स्वतःहून लांबवू नका, ते थांबवल्यावर मणक्यांची हाडं मोडल्याचं आढळलं आहे. वेळ दोन्ही डॉक्टरांनी मिळून ठरवायची.

मधुमेहात एचबीए१सी (सुमारे तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी तपासणी) ८ च्या वर असेल तर आधी साखर आटोक्यात. जबड्यावर रेडिएशन झालं असेल तर एकूण किती ग्रे (रेडिएशनच्या मात्रेचं माप) आणि नेमकं कुठे, याचा कागद आणा. ५० ग्रेच्या पुढे ग्राफ्टचा विचार फार सावधपणे. आणि तंबाखू, ओढायची असो की चघळायची. ग्राफ्टच्या जखमा उघडण्यामागे तिचा हात ठळक असतो. सोडणं जमत नसेल तर मोठ्या ग्राफ्टची योजनाच बदलावी.

सायलीवेल :

इम्प्लांट घालतानाची एक गोष्ट पेशंटलाही माहीत हवी. हाड ४७ अंश सेल्सिअसला मिनिटभर तापलं तरी मरतं. फार झिजलेल्या खालच्या जबड्यात पुढचं हाड दगडासारखं टणक आणि रक्तपुरवठा कमी. तिथे धार गेलेलं ड्रिल, कमी पाणी आणि जोराचा दाब एकत्र आले की इम्प्लांट छान घट्ट बसतं आणि महिनाभरात दुखून सैल होतं. वरच्या जबड्यात मागे उलट. हाड थर्माकोलसारखं, म्हणून भोक मुद्दाम इम्प्लांटपेक्षा बारीक ठेवतात.

पानगळ :

शेवटचे दोन प्रश्न. ग्राफ्टनंतर कवळी किती दिवस बंद ठेवायची? आणि मेम्ब्रेन दिसू लागलं तर काय करायचं?

ध्रुव_०७ :

ग्राफ्टच्या जागेवर निदान २-३ आठवडे काहीच नाही. टाके निघाल्यावर कवळी आतून कोरून, मऊ अस्तर लावून, ती ग्राफ्टवर कुठेच टेकत नाही हे डॉक्टरांकडून तपासून घ्यायचं. दिसण्यापुरती वापरा, जेवताना आणि झोपताना काढा. पुढच्या दातांच्या जागी शेजारच्या दातांना चिकटवलेला तात्पुरता दात जास्त सुरक्षित.

कोलाजेनचं मेम्ब्रेन थोडं उघडं पडलं आणि पू नसेल तर क्लोरहेक्झिडिन या जंतुनाशकाच्या गुळण्या, तिथे ब्रश नाही, दर आठवड्याला तपासणी. बऱ्याचदा खालून हिरडी भरून येते. ओढून परत टाके घालायला जाऊ नये, कडा आणखी फाटतात. टायटॅनियमचं किंवा न विरघळणारं मेम्ब्रेन उघडं पडून पू आला, तर ते लगेच काढावं लागतं. दोन्ही बाबतीत फोटो काढून त्याच दिवशी डॉक्टरांना पाठवा.

आणि इम्प्लांट घातल्या दिवशी त्याच्या डबीवरचं स्टिकर मागून घ्या : बनावट, व्यास, लांबी, लॉट नंबर. दहा वर्षांनी स्क्रू ढिला झाला आणि डॉक्टर बदललेले असले, तर कोणता स्क्रूड्रायव्हर लागेल ते त्यावरूनच कळतं.